दोन्हीकडून तराई

"सोळा सोमवार धर," पंचफुलाकाकू म्हणाल्या. "माह्या पुतणीनं धरले, तर बाराव्या सोमवारीच दिवस गेले तिले."

"मंग उरलेले चार?"

"मस्करी नको करू पोरी. तीन वर्सं झाले लग्नाले."

आम्ही दोघी भिंतीपाशी उभ्या होतो. भिंत म्हणजे कंबरेएवढी, विटांची, आमचं घर आणि उमाट्यांचं घर यांच्या मधली. अर्धी त्यांच्या प्लॉटवर, अर्धी आमच्या. काकू त्यांच्या बाजूला मेथी निवडत होत्या, मी माझ्या बाजूला कपडे वाळत घालत होते. लेआउटमधल्या, म्हणजे आमच्या प्लॉटच्या वस्तीतल्या, प्रत्येक बाईनं मला तोवर एकेक उपास सांगून झाला होता. सगळे धरले असते तर मूल होण्याआधी मीच गेले असते.

"काकू, सोमवारानं नाही होत जी," मी म्हटलं. "त्याले दार लागते."

काकूंना समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा त्यांनी पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि मेथीची जुडी घेऊन घरात पळाल्या.

पण मी खोटं बोलले नव्हते. हिंगणघाटला लग्न होऊन आले तेव्हा आमच्या घराला दोन खोल्या होत्या. मागची स्वयंपाकाची, तिच्यात धान्याच्या कोठ्या आणि गॅस. पुढची सगळ्यांची. त्या पुढच्या खोलीत दोरीवर एक पडदा टांगला होता, मोरांच्या चित्राचा. पडद्याच्या एका बाजूला मी आणि हेमराज, म्हणजे माझा नवरा. दुसऱ्या बाजूला मामाजी, आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात, आणि धाकटा दीर मोरेश्वर. मोरेश्वर पोलीस भरतीचा अभ्यास करायचा आणि मोठ्यानं पाठ केल्याशिवाय त्याच्या डोक्यात काही शिरत नसे. हेमराजनं माझ्याकडे कूस वळवली की पलीकडून आवाज यायचा, "नेपाळची राजधानी काठमांडू!" मोरेश्वर थकून झोपला की मामाजींचा खोकला सुरू व्हायचा. तो आजाराचा खोकला नव्हता. मी जागा आहे बरं का, असं सांगणारा सभ्य माणसाचा खोकला होता तो.

मामाजी ढोरांच्या दवाखान्यातून कंपाउंडर म्हणून निवृत्त झाले होते. सासूबाई माझ्या लग्नाच्या आधीच गेल्या. माणूस वाईट नव्हता, पण तोंडानं फटकळ, आणि माणसं आणि म्हशी यांच्यात फार फरक न करणारा. मला ताप आला की आधी माझे कान गरम आहेत का ते विचारायचे.

त्यांचा दिवस संध्याकाळी सुरू व्हायचा. ऊन उतरलं की ते भिंतीच्या अलीकडे खुर्ची टाकायचे आणि पलीकडे डोमाजी उमाटे खुर्ची टाकायचे. उमाटेकाका कापसाचे ग्रेडर होते. जन्मभर गाड्यांमधला कापूस चिमटीत धरून त्याची प्रत सांगितली, त्यामुळे निवृत्तीनंतरही ते दिसेल त्याला ग्रेड द्यायचे. मोरेश्वर त्यांच्या मते तिसऱ्या ग्रेडचा होता. मामाजी ग्रेडच्या बाहेर.

दोघं बसले की भांडण सुरू. रोज. विषय कोणताही असो, शेवटी बैलावर यायचाच.

"तुह्या इंजेक्शननं माह्या भावाचा बैल मेला," उमाटेकाका म्हणायचे.

"थो आधीच मेला होता. मी फक्त खात्री केली."

"जिवंत होता! शेपटी हालवत होता!"

"वारा होता थो!"

बैल जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. पण त्या बैलापायी दोघांनी एकमेकांच्या फाटकात पाय ठेवला नव्हता. जो आधी दुसऱ्याच्या फाटकातून आत जाईल त्यानं बैलाची बाजू सोडली, असा त्यांचा हिशेब. दसऱ्याचं सोनंसुद्धा भिंतीवरूनच द्यायचे, वर एकमेकांना शिव्या देत. मला वाटायचं, इतकं वैर आहे तर मेल्यांनी खुर्च्या तरी विरुद्ध दिशेला टाकाव्यात.

त्या वर्षी दसऱ्याआधी हेमराजनं एकदाचं मनावर घेतलं. तो सूतगिरणीत फिटर होता, यंत्राशी धीट आणि बापाशी मवाळ. जेवताना खाली बघत म्हणाला, "बाबा, बाजूनं एक खोली काढावं म्हणतो. भिंतीले लागून."

एवढीच जागा होती. बाकी तीन बाजूंना रस्ता, विहीर आणि नाली. पण भिंत दोघांची. ती वर उचलायची, तिच्यावर खोलीचं छत टेकवायचं, पलीकडून गिलावा करायचा म्हणजे मिस्त्रीनं उमाट्यांच्या अंगणात उभं राहायचं. त्यांचा होकार लागणार होता.

"मी इचारतो उमाट्याले," मामाजी म्हणाले. "तुमी कोनी मधात पडू नका. अन् बायकाईनं तर बिलकुलच नाही. बाईनं तोंड घातलं का थो अजून अडते. पंचफुलीजवळ हा विषयच काढायचा नाही, कबूल कर इंदू."

मी कबूल केलं. दार मिळणार म्हटल्यावर मी काहीही कबूल केलं असतं.

दसरा झाला. मामाजी म्हणाले, "नाही म्हनते."

"काहून?"

"म्हनते, भिंत उचलली तर तुळशीवर सावली येते."

दिवाळीनंतर पुन्हा विचारलं. आता म्हणे पाया कच्चा होता. संक्रांतीला म्हणे त्यांच्या कोणा भाच्यानं वास्तू पाहिली होती आणि त्या दिशेला उंच भिंत म्हणजे घरच्या कर्त्याला धोका. मी मनात म्हटलं, असू दे की धोका. होळी झाली तेव्हा म्हणे उमाटेकाकांना भिंतीवरून येणारा वारा हवाच, दमा आहे. मी त्या माणसाला कधी धापा टाकताना पाहिलं नव्हतं, बैलाचा विषय सोडून.

"मी बोलून पाहू का?" हेमराज विचारायचा.

"तू बोलशीन तर सारं बिघडंल," मामाजी म्हणायचे. आणि संध्याकाळ झाली की खुर्ची उचलून भिंतीकडे निघायचे. मी पडद्याचे मोर बघत बसायचे. दोन मोर होते, समोरासमोर, चोच उघडून. त्यांचं तरी बरं होतं.

चैत्रात पुलगावहून आत्या आल्या, मामाजींच्या थोरल्या बहीण. मी चहा ठेवायला मागे गेले. त्या खोलीत आवाज लपत नाही हे त्यांना माहीत होतं की नाही, देव जाणे.

"नथ्थू, किती दिवस वाट पाहतं? पोराचं दुसरं पाहा. माह्या नणंदेच्या दिराची पोरगी हाये."

मी चहाकडे बघत उभी राहिले. मामाजी काहीतरी बोलतील असं मला वाटलं. इतका फटकळ माणूस, म्हशीच्या मालकालाही तोंडावर बोलायचा. पण ते खोकले फक्त. चहा उतू गेला आणि मी तो तसाच उतू जाऊ दिला. इतका राग मला आयुष्यात आला नव्हता, आणि रागापेक्षा भीती जास्त वाटली.

आत्याची बस निघाली तशी मी पदर खोचला आणि सरळ उमाट्यांच्या फाटकातून आत गेले. कबूल केलेलं गेलं नालीत.

उमाटेकाका ओसरीवर पायांना तेल लावत होते. काकू अंगणात बाजेवर कुरड्या घालत होत्या.

"काकाजी," मी म्हटलं, "तुमाले आमची भिंत काहून नको? सावलीची भीती हाये का वारा अडायची? का भाच्याची?"

"कोन भाचा?"

"वास्तुवाला."

"माहा एक भाचा हाये, थो पानठेला चालवते." त्यांनी तेलाची वाटी खाली ठेवली. "अन् भिंतीले मी कुठं नाही म्हटलं? दसऱ्याले तुह्या सासऱ्यानं इचारलं, मी त्याच टायमाले हो म्हटलं. पोराईले खोली पायजे, बांध म्हटलं."

"माह्यासमोर हो म्हटलं," कुरड्यांचा साचा हातात तसाच धरून काकू म्हणाल्या. "मले वाटलं तुमचाच इचार बदलला. मी रोज म्हनतो, काहून बाप्पा हे लोक खोली काढून नाही राहिले?"

मी तिथंच बाजेच्या काठावर बसले. एक कुरडई माझ्याखाली चिरडली.

मला एकच वाटलं. या म्हाताऱ्याला मी नकोय. ह्याला पोराचं दुसरंच पाहायचंय, म्हणून हा माझं दार अडवून बसलाय.

मी संध्याकाळपर्यंत थांबले. दोन्ही खुर्च्या आल्या. बैलावर यायच्या आत मी भिंतीपाशी जाऊन उभी राहिले. मागे हेमराज नुकताच गिरणीतून येऊन पाय धूत होता.

"मामाजी," मी म्हटलं, "उमाटेकाकांनी दसऱ्यालेच हो म्हटलं होतं."

मामाजींनी चपलांकडे पाहिलं. "म्हनला असन. पक्कं नोहोतं."

"पक्कं होतं," उमाटेकाका म्हणाले.

"तू चूप राह्य बे!"

"नाही, आता मीच बोलतो," मी म्हटलं, आणि एकदा बोलायला लागले तर माझं मलाच थांबवता येईना. "तीन वर्सं झाले. साऱ्या लेआउटनं मले उपास सांगितले. आत्याबाईनं दुसरी पाहा म्हटलं, तुमी चूप बसले. पाहा ना दुसरी! पण तिलेही पडदाच देसान ना? अन् पडद्याच्या पलीकडून तिलेही मोरेश्वर राजधान्याच सांगीन! चार सुना आणा, पाच आणा, जगातल्या साऱ्या राजधान्या पाठ होतीन, पोरगं होनार नाही!"

हेमराजच्या हातातला तांब्या पडला. पलीकडे काकू खांबाला धरून खाली बसल्या, त्यांना हसू आवरेना. उमाटेकाका आकाशाकडे बघायला लागले. आणि मामाजी कानापर्यंत लाल झाले. लग्न झाल्यापासून त्यांच्याशी मी डोक्यावरचा पदर सांभाळून बोलले होते. आता पदर कुठं होता कोण जाणे.

मामाजी उठले. "हेमराज," ते म्हणाले, "मिस्त्रीले बोलाव."

कैलास मिस्त्री आला, त्यानं दोरी लावली. खोलीपुरतीच भिंत उचलायची असं ठरत होतं, पण काकू मध्ये पडल्या. "उचलता तर सारीच उचला बाप्पा. पुढची भिंत ठेंगणी राह्यली तर बकऱ्या येते, माह्या साऱ्या कोथिंबिरीची वाट लावते." हेमराजलाही पटलं. मलाही. बायकांचं खरं होतं, बकऱ्या फार झाल्या होत्या. मामाजींनी एकदा उमाटेकाकांकडे पाहिलं, उमाटेकाकांनी मामाजींकडे. दोघंही काही बोलले नाहीत. मला वाटलं, हरले म्हणून गप्प आहेत.

भिंत चढायला लागली. म्हातारे तरीही संध्याकाळी यायचे. भिंत छातीशी आली तेव्हा ते उभं राहून भांडायला लागले. गळ्याशी आली तेव्हा उमाटेकाकांनी स्टूल आणलं. दुसऱ्या दिवशी मामाजींनी कणगीखालचा पाट काढून त्यावर दोन विटा रचल्या. मी खिडकीतून बघायचे तर भिंतीवर दोन पांढरी डोकी ठेवलेली, आणि ती एकमेकांना शिव्या देतायत. मोरेश्वर म्हणाला, वहिनी, कठपुतळीचा खेळ. मग एका संध्याकाळी भिंत डोक्याच्या वर गेली. त्या दिवशी मामाजी पाटावर चढले, उतरले, आणि ओसरीवर येऊन बसले. जेवायला हाक मारली तर भूक नाही म्हणाले.

मला काय त्याचं. माझ्या खोलीला चौकट बसत होती.

"आता तराई करायची," मिस्त्री जाताना म्हणाला. नव्या बांधकामावर पाणी मारायचं, नाहीतर विदर्भाच्या उन्हात सिमेंट जळतं, त्याला तराई म्हणतात. "आठ-दहा दिवस. सकाळ-संध्याकाळ. दोन्हीकडून करा, एका बाजूनं होत नाही."

त्या संध्याकाळी मी नव्या खोलीत होते. दार लावून पाहत होते, उघडून पाहत होते, पुन्हा लावत होते. बाहेर मामाजींनी विहिरीवरची मोटर लावली आणि पुढच्या भिंतीवर पाइप धरला. थोड्या वेळानं पलीकडूनही पाण्याचा आवाज आला.

"उमाट्या!" मामाजी ओरडले. "वरचा थर कोरडा ठेवला तू!"

"तुले काय दिसते इकडचं?"

"मले वास येते! कोरड्या सिमेंटचा!"

"तुले ढोराचा वास येते, बाकी काही येत नाही! ज्याले बैल मेला का जिता समजत नाही..."

आणि मामाजी हसले. मी लग्न झाल्यापासून तो आवाज ऐकला नव्हता. मोठ्यानं, पोट धरून, खोकला लागेपर्यंत. मग ते परत ओरडायला लागले, पलीकडून काका ओरडायला लागले, आणि दोघंही भिंतीवर पाणी मारत राहिले.

मी दाराची कडी हातात धरून उभी होते. तेव्हा मला कळलं. सासूबाई गेल्यावर या घरात त्या माणसाशी कोण बोलत होतं? हेमराज खाली बघून हो-नाही करायचा. मोरेश्वर राजधान्या सांगायचा. मी पदर सांभाळून भाकरी वाढायचे. दिवसभराचं जे काही बोलणं होतं ते त्या कंबरेएवढ्या भिंतीवर होतं. दुसऱ्या सुनेचा त्यांच्या मनात विचारही नव्हता. त्यांना फक्त उंच भिंत नको होती, आणि हे पोराला सांगायची लाज वाटत होती. माझी मला इतकी शरम वाटली की मी दार उघडं टाकून बाहेर आले. पण भिंत आता उभी होती, आणि खोली मला हवीच होती. दोन्ही खरं होतं.

"फाटकातून जा ना मामाजी," मी एकदा म्हटलं. "काकाईच्या ओसरीवर बसा."

"मी काहून जाऊ? त्यानं यावं."

काकूंनी पलीकडे हेच सांगून पाहिलं, उत्तरही हेच मिळालं.

आठ-दहा दिवस झाले. गिलावा झाला, त्याचीही तराई झाली. मिस्त्री राहिलेलं सामान न्यायला आला तर दोन्ही पाइप चालू. "बस करा काकाजी," तो म्हणाला, "किल्ला बांधला का?" मामाजींनी त्याच्या पायावर पाणी मारलं. उन्हाळ्यात विहीर तळाला गेली, हेमराज चिडला, मी त्याला गप्प केलं. आषाढात झड लागली. मी खिडकीतून पाहिलं तर धो धो पावसात मामाजी एका हातात छत्री आणि एका हातात पाइप धरून भिंतीवर पाणी मारत होते, आणि पलीकडून उमाटेकाका त्यांना पावसाची ग्रेड सांगत होते.

पुढच्या वर्षी आम्हाला मुलगी झाली. लेआउटनं श्रेय सोमवारांना दिलं, मी दिलं कडीला. भिंतीवर शेवाळ चढलं. ओल पुढून सरकत सरकत माझ्या खोलीच्या कोपऱ्यात आली, रंगाचे पोपडे पडले. हेमराज म्हणाला, "बाबाईले सांग आता, पाणी बंद करा." मी पलंग दुसऱ्या भिंतीला सरकवला.

असं बरीच वर्षं चाललं. मुलगी शाळेत जायला लागली होती, त्या हिवाळ्यात उमाटेकाका सकाळी चहा पिता पिता गेले. काकूंची किंकाळी ऐकून आम्ही सगळे धावलो. मामाजी सगळ्यांच्या पुढे होते. फाटक त्यांनीच उघडलं.

तेरवीपर्यंत पाइप गुंडाळलेला होता. ती झाल्यावर एका संध्याकाळी मोटरचा आवाज आला. मी बाहेर पाहिलं. मामाजी भिंतीवर पाणी मारत होते. वाकले होते आता. थोडं पाणी मारायचे, पाइप खाली धरायचे, थांबायचे. पलीकडे काहीच आवाज नव्हता. पुन्हा थोडं मारायचे. पाणी पायाशी साचत होतं आणि ते तसेच उभे होते.

मला बघवेना. मी मुलीला हेमराजकडे सोपवलं आणि फाटकातून पलीकडे गेले. काकू ओसरीवर बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हातानं कोपरा दाखवला. पाइप तिथंच होता. मी नळ सोडला आणि भिंतीवर धार धरली.

पलीकडचं पाणी थांबलं.

"कोन हाये थे?"

मी पाणी मारत राहिले.

मग मामाजींचा आवाज आला, जरा घोगरा. "धारीले जोर नाही. पोह्यात पानी शिंपडते का?"

इतक्या वर्षांत मी त्यांना उलट बोलले होते ती एकदाच, तेही अहो-जाहो करून. मी पाइपचं तोंड अंगठ्यानं दाबलं, धार वर उचलली आणि जोरात ओरडले, "म्हाताऱ्या, आधी तुह्या बाजूचं पाहा! सारा चिखल केला तू!"

ओसरीवर काकूंनी तोंडाला पदर लावला. मला वाटलं, फार झालं, आता हे कायमचे बोलणार नाहीत.

तेवढ्यात पाण्याचा मोठा फवारा भिंतीवरून आला आणि मला डोक्यापासून पायापर्यंत भिजवून गेला.

"सासऱ्याले म्हातारा म्हनते!" मामाजी पलीकडून ओरडले. "तुह्या बापानं हेच शिकवलं का?"

"बापावर जायचं काम नाही!" मी ओरडले.

मग आम्ही दिवेलागणीपर्यंत भांडलो.